पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

मृग नक्षत्र लागून पहिले दोन पाऊस झाले म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांत विहिरींच्या कांठच्या बाभळींवर आणि शिंदींवर सुगरणींचीं घरटीं लोंबूं लागतात. शेताकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलानें तीं पाहिलेलीं असतात. कित्येकांनीं काठीनें पाडून घरींहि नेलेलीं असतात. परंतु ह्या घरट्यांकडे सबंध हंगामभर, रोजच्या रोज, वही हातांत घेऊन पाहत बसावें असें आपणांपैकीं किती जणांस वाटलें आहे? असें वाटणारा एक मनुष्य आपल्याच प्रांतांत होऊन गेला. त्या वेळीं त्याची नोकरी गेलेली होती, विद्यापीठाची पदवी जवळ नव्हती, आणि वय चौतिशीच्या घरांत आलेलें होतें. पुढें हिंदुस्थानांतील पक्ष्यांचा विषय निघाला कीं सर्व जगांत ज्यांचें नांव प्रथम घेतलें जाऊं लागलें ते डॉ. सलीम अली हेच. त्यांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवीत आहों.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबई येथें ता. १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असतां वडील वारले आणि तिसऱ्या वर्षीं आईचेंहि छत्र गेलें. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतें. त्यांनीं ह्या पोरक्या मुलांना खेतवाडींतील आपल्या घरीं आणून वाढविलें. मामांना शिकारीचा शोक होता, तेव्हां भाच्याच्या हातींहि लौकरच एक हवेची लहानशी बंदूक आली. शाळकरी वयांतच एके दिवशीं त्यानें एक चिमणी मारली. उचलून पाहतो तों तिच्या गळ्याखालीं पिवळा ठिपका! नेहमींच्या घरांतल्या चिमणीला असा ठिपका कधीं कोणी पाहिला नव्हता. मामांनाहि तिची जात सांगतां येईना. त्यांनीं मुलाला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांजकडे पाठविलें.

मिलर्डसाहेबांनीं मुलाला हंसून वाटेला लावलें नाहीं. ही पीतकंठी रानचिमणी, असें त्यांनीं सांगितलें. एवढेंच नव्हे, तर संस्थेंतील पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह त्याला दाखविला, आणि वाचावयास पुस्तकेंहि दिलीं. त्यांपैकीं एक ‘एहा’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचें मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक होतें. हे एटकिन साताऱ्यास जन्मलेले, एका स्कॉच मिशनऱ्याचे चिरंजीव. म्हणजे सलीम अलींचें पहिलें पुस्तकी शिक्षण एका साताऱ्याच्याच माणसाच्या हातून झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र ह्या हकीकतीवरून आमची गलोलीला संमति आहे असें कोणी समजूं नये. गलोलीनें पाडलेली चिमणी बहुधा मांजराकडे जाते, संग्रहालयाकडे जात नाहीं.

शाळेंत सलीम हुशार म्हणून कधीं गाजले नाहींत. प्रथम बहिणींबरोबर गिरगांवांतील एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत, व नंतर सेंट झेवियर्समध्यें त्यांचें शिक्षण झालें. तेराव्या वर्षापासून डोकेदुखी पाठीस लागली, ती इतकी कीं हवापालटासाठीं त्यांना सिंधमध्यें एका नातेवाईकाकडे जाऊन राहावें लागलें. १९१३ सालीं ते मॅट्रिकच्या परीक्षेंतून कसेबसे पार पडले. कॉलेजचें पहिलेंच वर्ष जड गेलें, म्हणून घरच्या मंडळींनीं त्यांना ब्रह्मदेशांत तव्हॉय येथें धाडलें. तेथें कुटुंबाच्या मालकीची वुलफ्रॅम धातूची खाण आणि लांकडाचा व्यवहार होता. व्यापारांत त्यांनीं काय मिळविलें तें सांगण्यासारखें नाहीं. आसपासच्या दाट रानांत मात्र त्यांनीं पुष्कळ मिळविलें.

१९१७ मध्यें परत आल्यावर ते दावर यांच्या व्यापारी कॉलेजांत कायदा व हिशेबनीस शिकूं लागले. ह्या मुलाचें मन जमाखर्चांत नाहीं, हें सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर यांनीं ओळखलें. ब्लॅटर हे स्वतः मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या सांगण्यावरून सलीम दोन्हीकडे जाऊं लागले. व्यापाराचे वर्गहि चालू आणि प्राणिशास्त्राचेहि चालू. १९१८ च्या डिसेंबरांत नात्यांतीलच तेहमीना बेगम यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें सरकारी प्राणिशास्त्र खात्यांत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें ती त्यांना मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें प्रेक्षकांस माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा दरमहा ३५० रुपयांवर मिळाली. दोन वर्षांत त्या कामाचा त्यांना कंटाळा आला, आणि रजा घेऊन ते जर्मनीस गेले.

बर्लिनच्या विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांना गुरु लाभले ते प्रोफेसर एर्विन श्ट्रेसमान. हे गृहस्थ त्या सुमारास पक्ष्यांच्या शरीररचनेपासून स्थलांतरापर्यंतचें सारें ज्ञान एका प्रचंड ग्रंथांत गोळा करीत होते. त्याच संग्रहालयांत एक जगप्रसिद्ध दगड आहे. बव्हेरियांतील चुनखडीच्या खाणींत सांपडलेल्या त्या फरशीवर सुमारें पंधरा कोटि वर्षांपूर्वीं मेलेल्या एका प्राण्याचा सांगाडा उमटलेला आहे. जबड्यांत दांत, पंखांना तीन तीन नख्या, आणि सरड्यासारखी लांब हाडांची शेपटी. परंतु अंगावर पिसें, आणि तीं थेट आजच्या कावळ्याकबुतरांच्या पिसांसारखीं! ह्या प्राण्याला आर्किऑप्टेरिक्स म्हणतात. दोन पायांवर धांवणाऱ्या प्राचीन सरटवंशांतून पक्षी उत्पन्न झाले, हें आज शास्त्रज्ञ निश्चितपणें मानतात, आणि त्या प्रवासांतील एक मुक्काम ह्या दगडावर जणूं लिहून ठेवलेला आहे.

त्या मुक्कामापासून आजच्या पारव्यापर्यंत शरीरांत काय काय फरक पडले तें पाहण्यास बर्लिनला जावयास नको. घरीं कोंबडी कापली जात असतां जवळ बसून पाहिलें तरी पुरे. दांत आणि जड जबडा जाऊन त्यांच्या जागीं हलकी चोंच आली. चावण्याचें काम पोटाकडे गेलें. तेथें जाड स्नायूंची एक पिशवी असते आणि तिच्यांत कोंबडीनें गिळलेले बारीक खडे सांपडतात, तेच तिचे दांत. हाडांची लांब शेपटी आखडून एक लहानसा खुंट उरला, आणि त्यावर पिसांचा पंखा बसला. उरोस्थीला नावेच्या तळासारखी उभी धार आली. पंख खालीं मारणारे मोठे स्नायू तिलाच धरून असतात. जे पक्षी उडणें सोडून केवळ धांवूं लागले, त्या शहामृगाच्या उरावर ही धार नाहीं. पक्ष्याचीं बरींच हाडें आंतून पोकळ असतात, पण तीं ठिसूळ नव्हेत. घराच्या छपराला कैच्या असाव्यात तसे त्यांच्या पोकळींत आडवे-तिरपे आधार असतात.

श्वासाची योजना तर याहूनहि नवलाची. पक्ष्याच्या फुप्फुसांना बहुधा नऊ हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या शाखा हाडांतहि शिरतात. आपल्या फुप्फुसांत हवा ज्या वाटेनें येते त्याच वाटेनें परतते. पक्ष्याच्या फुप्फुसांतून ती एकाच दिशेनें वाहते, म्हणून श्वास सोडतांनाहि त्याला ताजी हवा मिळत राहते. हिवाळ्यांत पैठणच्या जायकवाडी जलाशयावर जे पट्टकादंब हंस उतरतात, ते हिमालय ओलांडून येतात तें ह्याच बळावर. पक्ष्यांना घाम येत नाहीं. वैशाखांतल्या उन्हांत कावळा चोंच वासून धापा टाकीत बसलेला आपण पाहतों, तें त्याचें अंग निवविण्याचें साधन होय. आणि झोपलेला पक्षी फांदीवरून कां पडत नाहीं? तो खालीं बसला कीं पाय दुमडतात, पायाच्या मागील शिरा ताणल्या जातात, आणि बोटें आपोआप फांदीला आवळून धरतात. हें सर्व कोणा पक्ष्यानें ठरवून केलेलें नाहीं. लक्षावधि पिढ्यांत ज्यांच्या शरीरांत असा थोडा थोडा फरक पडला तीं पिलें अधिक जगलीं, त्यांना पिलें झालीं, आणि तो फरक वंशांत सांचत गेला.

हें ज्ञान घेऊन १९३० सालीं सलीम अली परत आले, तों पैशाच्या टंचाईमुळें त्यांची जागाच काढून टाकलेली! पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम गांवीं जाऊन राहिलीं. दुसरा एखादा मनुष्य अशा वेळीं अर्ज लिहीत बसला असता. सलीम अली सुगरणींचीं घरटीं पाहत बसले.

सुगरण हें नांव स्त्रीलिंगी असलें तरी विणकर असतो तो नर. तो गवताच्या पात्याच्या कडेला चोंचीनें खांच पाडतो आणि पातें चोंचींत धरून वर उडतो, तों लांब चीर निघून येते. अशा चिरा फांदीला गांठून प्रथम तो एक कडें विणतो, मग त्याला घरट्याच्या खोलीचा आकार देतो. घरटें अर्धवट झालें म्हणजे माद्या येतात, आंत शिरून पाहतात, ओढून पाहतात. पसंत पडलें तर मादी तेथें राहते आणि नर खालची नळी विणून काम पुरें करतो. नापसंत झालें तर तें तसेंच लोंबत राहतें. हीं अपुरीं घरटीं म्हणजे नराचे झोपाळे, असें पुष्कळ लोक समजत असत. मादी अंड्यांवर बसली कीं नर जवळच दुसरें घरटें विणूं लागतो आणि दुसरी मादी आणतो, हें सलीम अलींनीं नुसत्या चिकाटीनें पाहून सिद्ध केलें. त्यांचा हा निबंध १९३१ मध्यें सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचें नांव झालें.

त्याच सुमारास कोंकणांत त्यांनीं आंब्यावरच्या बांडगुळाचें कोडें उलगडून दाखविलें. बांडगुळाची कळी शिंजीर आपल्या बारीक वांकड्या चोंचीनें दाबतो. ती फट्‌कन उघडते आणि पराग त्याच्या कपाळास चिकटतात. मग नळीसारख्या जिभेनें मध शोषून तो पुढच्या फुलाकडे जातो. फळ पिकलें म्हणजे दुसरा इवलासा पक्षी, फुलटोच्या, तें गिळतो. चिकट बी थोड्याच वेळांत त्याच्या पोटांतून जसेंच्या तसें बाहेर पडतें, आणि तें सुटावें म्हणून तो शरीर फांदीवर घासतो. बी तेथेंच रुजतें. आंबेवाल्याच्या नुकसानींत दोन पक्षी असे भागीदार आहेत! फूल पक्ष्यासाठीं घडलें कीं पक्षी फुलासाठीं, हा प्रश्न येथें निघतो. उत्तर असें कीं दोघेहि एकमेकांस घडवीत आले आहेत.

आतां आमच्या भागाशीं ज्याचा संबंध येतो तें कार्य सांगतों. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३२ सालीं छापली होती, आणि तींत दोनशेंहून अधिक जाति होत्या. त्यानंतर निजामाच्या विस्तीर्ण मुलखाची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. बीड जिल्हा तेव्हां त्याच राज्यांत होता. सलीम अलींनीं अशी तोड काढली कीं संस्थानानें मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च द्यावा, काम ते स्वतः विनावेतन करतील. १९३१-३२ मध्यें हैदराबाद संस्थानाची पाहणी ह्या रीतीनें झाली, आणि पुढें त्रावणकोरादि संस्थानांनींहि त्यांना बोलाविलें. ज्याला पदवीच्या अभावीं नोकरी नाकारली गेली त्यानें पगाराचीच अट काढून टाकून तें काम मिळविलें. तंबूंतल्या त्या भटक्या संसारांत तेहमीनाबाई बरोबर असत.

जमविलेले नमुने विलायतेंत ह्यू व्हिसलर या जाणत्या गृहस्थांकडे तपासणीस जात. ह्या दोघांची ओळख भांडणानें झाली होती. भृंगराज पक्ष्याच्या शेपटीला दोन लांब दांड्या असून टोंकाला पिसाचे गोल पल्लव असतात. ते दांडीच्या कोणत्या बाजूस आहेत याविषयीं पुस्तकांत चुकीचें छापलें जात होतें आणि व्हिसलरांनींहि तेंच लिहिलें होतें. टोंकाजवळ दांडीलाच पीळ असतो, त्यामुळें बाजू उलट भासते, असें सलीम अलींनीं दाखविलें. कोण हा अनोळखी हिंदी मनुष्य, म्हणून व्हिसलर प्रथम रागावले. मग त्यांनीं आपल्याजवळचे नमुने पुन्हा काढून पाहिले, चूक कबूल केली आणि जन्माचे मित्र झाले. आम्हांस ह्या प्रकरणांत दोघांचाहि मोठेपणा सारखाच वाटतो.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. पक्ष्यांवर इतकें प्रेम करणाऱ्या ह्या माणसानें हजारों पक्षी बंदुकीनें मारले. त्या काळीं जातींचा निर्णय कातडी, पिसें व मोजमापें यांवरूनच होई, दुसरा मार्ग नव्हता, हें खरें. तरी वाचतांना मन कचरतें. पुढें पुढें त्यांचें स्वतःचेंहि मन कातड्यांच्या वर्गीकरणाला विटलें. जिवंत पक्षी काय खातो, कोठें राहतो, कसा वागतो, इकडेच त्यांचा सारा ओढा होता, आणि आपल्या अमेरिकन सहकाऱ्यास तसें त्यांनीं पत्रांतून कळविलेंहि.

१९३९ मध्यें एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमीनाबाई वारल्या. हा घाव फार खोल होता. त्यांनीं पुन्हा लग्न केलें नाहीं. बहीण व मेहुणे यांच्या घरीं राहून उरलेलीं अठ्ठेचाळीस वर्षें कामांत घालविलीं. १९४१ सालीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील त्यांचें सचित्र पुस्तक निघालें. अनेक घरांत पक्षी ओळखण्याची पहिली गोडी त्याच पुस्तकानें लावली. कच्छच्या रणांत जाऊन त्यांनीं रोहित पक्ष्यांची वसाहत पाहिली. रोहिताची चोंच मध्येंच वांकलेली असते, आणि तो ती पाण्यांत उलटी धरून, जीभ भात्यासारखी चालवून, चिखलांतले सूक्ष्म जीव गाळून घेतो. जायकवाडीस ज्यांनीं हे पक्षी पाहिले असतील त्यांना हें उलटें जेवण आठवेल.

स्वराज्य आल्यावर सोसायटीची आर्थिक स्थिति बिकट झाली, तेव्हां पंडित नेहरूंना लिहून त्यांनीं मदत मिळविली. १९५० सालीं स्वीडनांत उप्साला येथें पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली. त्रेपन्न वर्षांच्या ह्या गृहस्थांनीं आपली सनबीम फटफटी बोटीनें युरोपांत नेली होती व तीवर बसून ते परिषदेस गेले! अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांजबरोबर लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळांत पुरा झाला. पद्मभूषण १९५८ मध्यें, पद्मविभूषण १९७६ मध्यें, राज्यसभेचें सभासदत्व १९८५ मध्यें. परदेशचे मान वेगळेच. पारितोषिकाची मोठी रक्कम हातीं आली ती त्यांनीं निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. १९८५ सालींच त्यांचें आत्मचरित्र निघालें, आणि त्याच्या नांवांत त्यांनीं त्या लहानपणच्या चिमणीलाच स्थान दिलें. १९८७ सालीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

एक इच्छा अपुरी राहिली. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असें त्यांचें म्हणणें होतें. १९६३ सालीं तो मान मोराला मिळाला. बीडकरांना याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं, कारण पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें १९९४ पासून मोरांसाठींच सुमारें ३० चौरस किलोमीटरचें अभयारण्य आहे. मोराचा पिसारा म्हणजे त्याची शेपटी नव्हे. तीं शेपटीवरचीं आच्छादनपिसें, आणि खरी शेपटी मागून त्यांना टेकू देते, एवढें नायगांवास जाणाऱ्यांनीं नीट पाहून घ्यावें.

परंतु माळढोकाची गोष्ट दुःखाची आहे. तो माळासाठींच घडलेला पक्षी. त्याच्या पायाला पुढें तीन बोटें आहेत, मागचें बोट नाहीं. म्हणून धांवतो उत्तम, पण झाडावर बसूं शकत नाहीं. वजन पंधरा किलोपर्यंत भरतें, आणि मादी बहुधा एका वेळीं एकच अंडें तेंहि उघड्या जमिनीवर घालते. डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळें चहूंकडचा शत्रु दिसतो, परंतु समोरचें नीट दिसत नाहीं. माळावर विजेच्या तारा आल्या तेव्हां हीच रचना त्याला घातक ठरली. तार दिसेपर्यंत उशीर होतो आणि एवढें जड शरीर ऐनवेळीं वळत नाहीं. शेजारच्या सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, आणि १९८० नंतर सलीम अलींच्या देखरेखीखालीं सोसायटीनें नान्नज येथें त्याचा अभ्यासहि केला. आज साऱ्या देशांत दीडशेंहून अधिक माळढोक उरले नसावेत असा अंदाज आहे, आणि ते बहुतेक राजस्थानांत आहेत.

पीतकंठी रानचिमणी मात्र आमच्या भागांत अजून आहे. आमच्या शाळेच्या आवारांतील जुन्या कडुलिंबाच्या ढोलींत गेल्या उन्हाळ्यांत एक जोडपें होतें. घरांतल्या चिमणीहून ती किंचित् सडपातळ, चोंच अधिक निमुळती, नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा. गळ्याचा पिवळा ठिपका फार लहान असतो; पक्षी मान वर करून ओरडूं लागला म्हणजेच तो दिसतो.